साखर कारखाना आणि कृष्णेचें पाणी

कऱ्हाडच्या किंवा वाळव्याच्या बाजूस पूर्वीं हिवाळा लागला म्हणजे मळ्यामळ्यांतून गुऱ्हाळें सुरू होत. एका कोपऱ्यांत चरक, शेजारीं चुलवाण, चुलवाणावर काहील आणि भोंवतीं उन्हांत पसरलेलें चिपाड, असा तो सारा संसार असे. चरकांतून निघालेलें चिपाड वाळवून त्याच चुलवाणांत जाळावें, रस उकळतांना भेंडीच्या चिकट पाण्यानें वर येणारी मळी काढून टाकावी, राख उकिरड्यावर खतांत मिसळावी आणि गुळाच्या ढेपा बाजारांत न्याव्या. सांगलीची गुळाची पेठ अशाच गुऱ्हाळांवर वाढली. गुऱ्हाळाचा धूर होत नसे असें नाहीं; परंतु त्याचा उपद्रव एका मळ्यापुरता व कांहीं आठवड्यांपुरता असे. साखर कारखाना हा तत्त्वतः या गुऱ्हाळाचाच वाढलेला अवतार होय. कच्चा माल तोच, कृति बहुतांशीं तीच आणि मागें उरणारे पदार्थहि जवळजवळ तेच. फरक आहे तो आकाराचा. आणि आकार बदलला म्हणजे जें काल खत होतें तेंच आज नदीला अपायकारक ठरतें.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत साखरेचा हा धंदा गेल्या नव्वद वर्षांत वाढला. १९३२ सालीं हिंदुस्थानांतील साखर धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें आणि त्याच दशकांत फलटण संस्थानांत, नीरेच्या कालव्याच्या भिजवणीवर, साखरवाडीचा खाजगी कारखाना उभा राहिला. १९३२ सालींच पाडेगांव येथें ऊंस संशोधनाचें केंद्र निघालें. पुढें १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांनीं स्वतःच्या भांडवलावर सहकारी कारखाना चालवून दाखविला, आणि तोच कित्ता कृष्णाकांठानें गिरविला. वसंतदादा पाटील यांच्या पुढाकारानें सांगलीस कारखाना झाला. भुईंज, शेंद्रे, कऱ्हाडजवळचें यशवंतनगर, रेठरे बुद्रुक, साखराळें, वाळवें, कुंडल अशीं नांवें एकामागून एक त्या यादींत चढलीं. या कारखान्यांनीं रस्ते दिले, शाळा व महाविद्यालयें दिलीं, शेतकऱ्याच्या हातीं रोख पैसा दिला. म्हणूनच त्यांच्या सांडपाण्याविषयीं बोलणें म्हणजे कारखान्याचा द्वेष करणें नव्हे. ज्या घरांत कारखान्याचा पैसा येतो त्याच घरांत नदीचें पाणीहि येतें.

या प्रश्नाचें मर्म नकाशावर बोट फिरवलें कीं लक्षांत येतें. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते, धोमच्या धरणांतून वांईस येते, माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेते, मग वाळव्याच्या काळ्या रानांतून औदुंबर व भिलवडी ओलांडून सांगलीस पोंचते आणि हरिपुरास वारणेला भेटते. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्यापासून दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. परंतु ही वांटणी कागदावरची, पाण्यावरची नव्हे. वरच्या गांवानें नदींत जें सोडलें तें खालच्या गांवाच्या पाणवठ्यावर येतें. सांगली शहर कृष्णेचें पाणी पितें. यास्तव साताऱ्यांत उभ्या राहणाऱ्या कारखान्याचा आराखडा हा सांगलीच्या स्वयंपाकघराशींहि संबंध असलेला कागद आहे.

आतां कारखान्याचा जमाखर्च मांडून पाहूं गेल्यास काय दिसतें? दररोज ५,००० टन ऊंस गाळणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणावा. उंसांत सुमारें सत्तर टक्के पाणीच असतें. म्हणजे रोज साडेतीन हजार टन पाणी गाड्यांवर लादून आपोआप आवारांत येतें. शंभर किलो उंसापासून या भागांत साधारणतः अकरा ते बारा किलो साखर मिळते. चिपाड, ज्यास कारखान्यांत बगॅस म्हणतात, तें अठ्ठावीस ते तीस किलो निघतें. रस निवळून गाळल्यावर मागें राहणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, तीन ते चार किलो भरतो. आणि साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा काळा दाट पाक, ज्यास मळी म्हणतात, तो चार ते साडेचार किलो असतो. पांच हजार टनांवर हा हिशेब केला म्हणजे रोजची साखर साडेपांचशे टनांच्या वर, चिपाड चौदाशे टन, मळी दोनशे टन आणि प्रेसमड दीडशे ते दोनशे टन होतो. यांपैकीं एकहि पदार्थ मूळचा विषारी नाहीं. चिपाड जळण आहे, प्रेसमड खत आहे, मळीपासून मद्यार्क होतो. नियोजन बिघडलें तरच त्यांना कचऱ्याची कळा येते.

मग नदींतले मासे मरतात ते कशानें? याचें उत्तर पुष्कळांना चकित करील. कारखान्याच्या सांडपाण्यांत मुख्यतः असते ती साखरच. यंत्रें धुतांना, टाक्या उतूं जातांना, पंपांच्या सांध्यांतून गळतांना रसाचा अंश पाण्यांत मिसळतो. असें गोड पाणी नदींत गेलें म्हणजे सूक्ष्म जंतूंना मेजवानीच मिळते. ते झपाट्यानें वाढतात आणि साखर पचवितांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु ओढून घेतात. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यांत हा प्राणवायु सात ते आठ मिलिग्रॅम असतो. तो चारच्या खालीं उतरला कीं पुष्कळ मासे गुदमरूं लागतात. एक लिटर सांडपाणी पांच दिवसांत किती प्राणवायु खाईल त्या मापाला शास्त्रज्ञ बी. ओ. डी. म्हणतात. प्रक्रिया न केलेल्या साखर सांडपाण्याचें हें माप हजाराच्या घरांत जातें. म्हणजे असें एक लिटर पाणी सव्वाशे लिटर निर्मळ नदीचा सगळा प्राणवायु पिऊन टाकूं शकतें. सांगलीजवळ कृष्णेंत मासे मरून तरंगल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळां घडल्या. अशा घटनांत मासा बहुधा विषानें मरत नाहीं. तो पाण्यांत राहून श्वासावांचून मरतो.

कारखान्यास मद्यार्काची जोड दिली कीं हा प्रश्न अनेक पटींनीं तीव्र होतो. एक टन मळीपासून सुमारें अडीचशे लिटर मद्यार्क निघतो, आणि दर लिटर मद्यार्कामागें आठ ते बारा लिटर काळसर तपकिरी, उग्र वासाचें पाणी उरतें. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. त्याचें बी. ओ. डी. चाळीस हजारांच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक असतें. सबब त्याचा एक लिटर नदीच्या पांच हजार लिटरांस पुरा पडतो. दोनशे टन मळीचा हिशेब धरला तर असें पाणी रोज चार ते सहा लाख लिटर होईल. तें नदींत सोडण्यास कोठेंहि मुभा नाहीं. त्यापासून जळाऊ वायु काढतां येतो, तें आटवून खास बांधलेल्या बॉयलरमध्यें जाळतां येतें, अथवा प्रेसमडवर शिंपडून त्याचें कंपोस्ट खत करतां येतें. मात्र कंपोस्टचें अंगण पक्क्या तळाचें व पाझररोधक असावें लागतें, आणि तें काम पावसाच्या आधीं आटोपावें लागतें. उघड्या अंगणावर मृगाचा पहिला वळीव कोसळला म्हणजे महिनोन्महिने साचलेला काळा अर्क एका रात्रींत ओढ्यांत उतरतो.

येथपर्यंतच्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कारखान्याचा त्रास कारखाना चालूं झाल्यावर दिसतो, पण तो ठरतो पायाचा दगड बसण्यापूर्वीं. त्यांत पहिली निवड जागेची. नदीकांठची सपाट जमीन स्वस्त व सोयीची वाटते, कारण पाणी हाताशीं असतें. परंतु ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूररेषेच्या आंत बांधलेला सांडपाण्याचा तलाव अशा दिवशीं तलाव राहत नाहीं, तो नदीचाच भाग होतो. म्हणून तलाव, मळीच्या टाक्या व खताचें अंगण पूररेषेच्या बाहेर, विहिरी व ओढे यांपासून लांब, आणि वस्तीच्या वाऱ्याखालील अंगास असावें. गाळपाच्या महिन्यांत वारा कोणत्या दिशेनें वाहतो हें त्या गांवचा कोणताहि वृद्ध शेतकरी सांगूं शकेल; तरी त्याची रीतसर नोंद करून ती आराखड्यास जोडणें हेंच योग्य.

उभारणीचा काळहि दुर्लक्षण्याजोगा नसतो. पाया खणतांना वरची दीड-दोन वीत सुपीक माती प्रथम वेगळी काढून रचून ठेवावी. तीच पुढें आवाराभोंवतीं लावावयाच्या झाडांस उपयोगी पडते. खडी, मुरूम व सिमेंट यांची ने-आण गांवाच्या मध्यवस्तींतून न करतां बाहेरचा रस्ता आधीं बांधावा. बाहेरगांवाहून आलेल्या मजुरांसाठीं पिण्याचें पाणी व शौचकूप पहिल्याच आठवड्यांत व्हावे. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचें यंत्र गिरणीबरोबरच उभें राहिलें पाहिजे. गिरणी यंदा व शुद्धीकरण पुढल्या हंगामीं असा क्रम लावला तर पहिला हंगाम नदीच्या माथीं बसतो, आणि पहिल्या हंगामांत पडलेली संवय सहसा सुटत नाहीं.

पाण्याच्या नियोजनांत उंसाचें स्वतःचें पाणी ही कारखान्याची मोठी ठेव होय. रस आटवितांना निघालेली वाफ थंड केली म्हणजे बहुतांशीं स्वच्छ पाणी परत मिळतें. तें बॉयलर, धुणें व थंडाव्याच्या कामीं पुनःपुन्हां वापरलें तर नदींतून उपसा नाममात्र उरतो. १४ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं शुद्ध केलेल्या सांडपाण्याची मर्यादा दर टन उंसामागें १०० लिटर ठरविली, त्याचें बी. ओ. डी. नदींत सोडावयाचें असल्यास ३० आणि जमिनीवर द्यावयाचें असल्यास १०० मिलिग्रॅमच्या आंत असावें लागतें. आपल्या उदाहरणांतील कारखान्यास याचा अर्थ रोज पांच लाख लिटर. शेताला पाणी नको असेल त्या दिवसांसाठीं पंधरा दिवसांचा सांठा धरला तर पंचाहत्तर लाख लिटर होतात, म्हणजे पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद व तीन मीटर खोल असा पक्का तलाव. एवढी जागा नकाशावर राखून ठेवली आहे कीं नाहीं हें कोणीहि सुशिक्षित माणूस फूटपट्टी घेऊन पाहूं शकतो.

शुद्धीकरणाचें काम यंत्रापेक्षां जंतूच अधिक करतात हें विसरतां कामा नये. जे जंतु नदींत प्राणवायु संपवितात, त्यांनाच टाकींत भरपूर हवा देऊन तेथेंच साखर खावयास लावणें, एवढीच या विद्येची युक्ति आहे. परंतु जंतु बटण दाबल्यासरशीं कामास लागत नाहींत. गाळपापूर्वीं कांहीं आठवडे टाकींत शेण व थोडा युरिया घालून त्यांची वाढ करावी लागते, जशी दह्यासाठीं विरजणाची तयारी लागते. हंगामांत ठराविक मुदतीनें आटवणीच्या नळ्यांचे थर कॉस्टिक सोडा व आम्ल यांनीं खरवडून धुतात. तें तीव्र पाणी एकदम टाकींत गेलें तर सारे जंतु एका दिवसांत मरतात. त्यासाठीं निराळी टाकी ठेवून तें थोडें थोडें सोडावें लागतें. हंगामाचा आरंभ, मधल्या धुण्या आणि हंगामाची अखेर, हे तीन प्रसंग म्हणूनच विशेष जोखमीचे असतात, आणि तपासणी करणाऱ्यानें नेमके तेच दिवस निवडावे.

हवेचा प्रश्न गृहिणींना अधिक परिचित आहे. चिपाड जळतांना त्याची हलकी काळी राख उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापड-कुरडयांवर आणि द्राक्षांच्या पानांवर बसते. चिपाडावर वीज निर्माण करणें हा उत्तम उपयोग खरा. पण धुरांड्याआधीं राख पकडणारीं यंत्रें हवींत. पाण्याच्या फवाऱ्यानें राख बसविणारें साधन स्वस्त असतें, विजेच्या भारानें ती ओढून घेणारें महाग पण अधिक कार्यक्षम. २०१६ च्या नियमांप्रमाणें धुरांत कणांचें प्रमाण दर घनमीटरास १५० मिलिग्रॅमच्या आंत असावें लागतें. फवाऱ्याचें काळें पाणी पुनः सांडपाण्यांत जातें हें मात्र ध्यानांत ठेवावें. नाहीं तर आकाशांतला कचरा ओढ्यांत घालण्यापलीकडे कांहींच साधत नाहीं.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा परिणाम याहूनहि दूरगामी असतो. कारखाना झाला कीं ऊंस वाढतो, आणि मोकाट पाटपाण्यावर एका हेक्टर उंसास वीस ते पंचवीस हजार घनमीटर पाणी लागतें. वाळवें, पलूस व मिरज तालुक्यांतील काळ्या रानांत अशा पाण्यानें भूजल वर आलें, त्याबरोबर क्षार वर आले, आणि सोन्याच्या मोलाच्या जमिनी पांढऱ्या पडल्या. कसबे डिग्रज येथील कृषि संशोधन केंद्रांत अशा क्षारपड जमिनींवर काम चालतें. जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घालून पाण्याचा निचरा केला म्हणजे त्या पुनः पिकतात, पण खर्च मोठा येतो. उलट पक्षीं माण, खटाव, आटपाडी व जत या भागांत पिण्याच्या पाण्याचीच वाण. ठिबकानें उंसाचें पाणी चाळीस ते पन्नास टक्के वांचूं शकतें. नवा कारखाना कार्यक्षेत्र ठरवितांना किती हेक्टर ऊंस ठिबकावर येणार हें आधीं लिहून देईल तर तो आपल्याच भविष्याचा विमा उतरवील. शेतांत पाचट न जाळतां सरींत कुजविण्याची शिकवण हाहि त्याच विम्याचा हप्ता होय.

आतां कायद्याचें बळ. पाण्याचा १९७४ चा, हवेचा १९८१ चा व पर्यावरणाचा १९८६ चा असे तीन कायदे याबाबतींत आहेत, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० सालची. कारखाना उभारण्यास एकदां व चालविण्यास दुसऱ्यांदा मंडळाची संमति लागते. शिवाय १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें दररोज ५,००० टन वा अधिक गाळप करणाऱ्या कारखान्यास पर्यावरणाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते, व त्यासाठीं परिणामांचा अभ्यास करून जनसुनावणी घेण्याची तरतूद आहे. सुनावणीची सूचना तीस दिवस आधीं वृत्तपत्रांत येते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत मिळतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधि अध्यक्षस्थानीं असतात, आणि उपस्थित कोणासहि तोंडीं वा लेखी आक्षेप नोंदवितां येतो. त्या आंकड्याहून लहान कारखान्यास ही सुनावणी चुकते. परंतु ४,९०० टन व ५,००० टन यांतला भेद नदीला कळत नाहीं.

सुनावणीस जाणारे लोक बहुधा दोनच प्रकारचे असतात: नोकरीच्या आशेनें होकार देणारे आणि जमीन गेल्याच्या रागानें नकार देणारे. शहरांतील सुशिक्षित मंडळी घरीं राहतात, कारण कारखाना त्यांच्या गल्लींत होत नसतो. वस्तुतः तेथें विचारावयाचे प्रश्न साधेच आहेत. सांडपाण्याचा तलाव पूररेषेपासून किती दूर? पंधरा दिवसांच्या सांठ्याची जागा कोठें? शुद्धीकरण यंत्र कोणत्या महिन्यांत चालूं होणार, आणि गिरणी त्याच्या आधीं कीं नंतर? पाऊस पडण्यापूर्वीं खताचें अंगण रिकामें झालें कीं नाहीं हें कोण पाहणार? मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल कोठें वाचावयास मिळणार? या पांच प्रश्नांचीं उत्तरें इतिवृत्तांत नोंदलीं गेलीं तर पुढें अधिकाऱ्याला कारवाई करणें सोपें जातें आणि कारखान्याच्या सभासदालाहि आपल्या संचालकांस जाब विचारतां येतो.

शुद्धीकरणाचा खर्च साखरेला परवडत नाहीं अशी तक्रार पुष्कळदां कानीं येते. परंतु तो खर्च टाळला म्हणजे नाहींसा होत नाहीं. तो फक्त दुसऱ्याच्या वहींत चढतो. कोळ्याच्या रिकाम्या जाळ्यांत, शेतकऱ्याच्या खाऱ्या विहिरींत, नगरपालिकेच्या तुरटी व क्लोरीनच्या बिलांत आणि शेवटीं घरांतील आजारपणांत तो सव्याज वसूल होतो. गुऱ्हाळवाला आपली राख आपल्याच उकिरड्यांत टाकी, कारण खालचा मळा त्याच्या भावाचा असे. कृष्णेच्या कांठीं वांईपासून हरिपुरापर्यंत तेंच नातें आहे. कऱ्हाडच्या आराखड्यांत सांगलीच्या पाण्याची नोंद पहिल्याच पानावर झाली, तर साखर गोड राहील आणि नदीहि पिण्याजोगी राहील.